साखरझोपेतली ऑपरेटर

सकीना तांबोळीचा अर्धा जन्म कानात गेला. पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन हातानं जोडून द्यायच्या कामाला ती चिकटली तेव्हा केसांच्या दोन वेण्या होत्या, आणि सुटली तेव्हा बोर्ड भंगारात निघाला होता. मधली सगळी वर्षं डोक्यावर हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे आणि हातात दोऱ्या. दिवा लागला की दोरी खोचायची आणि म्हणायचं, "ट्रंक, बोला." बोलणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा तिनं कधी पाहिला नाही. लोकांचं बोलणं ऐकू नये असा नियम होता. पण कान काही खिडकी नव्हे, लावून घ्यायला. नागपूरला मुलगा झाला हे त्याच्या आजोबांच्या आधी सकीनाला कळायचं, आणि पुष्कळदा तिचेच डोळे आधी भरायचे.

तिथल्या सुपरवायझर मथुराबाई म्हणजे साक्षात जमदग्नी. त्यांनी नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. "लाइनवरच्या माणसाला रिकामं सोडायचं नाही. कॉल लागत नसेल तर नसू दे. तू आहेस, एवढं त्याला कळत राहिलं पाहिजे." म्हणून सकीना दर थोड्या वेळानं म्हणायची, "आहात ना? प्रयत्न चालू आहे." पलीकडून कुणी खेकसायचं, कुणी "आहे, आहे" म्हणायचं, कुणी नुसता श्वास घ्यायचं. आणि कॉल लागला की तीन मिनिटांनी मध्ये तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली. वाढवायचा का?" बहुतेक लोक घाईघाईनं नको म्हणून फोन ठेवायचे. काही मात्र "वाढवा" म्हणायचे आणि पुढं बोलायचेच नाहीत. दोन गावांमधली ती वाढवलेली शांतता सकीनाला फार आवडायची. तारेवर पाखरं बसल्यासारखं काहीतरी बारीक किणकिणत राहायचं.

नवरा कादर. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि मुहूर्त नसले की मार्केट यार्डात एका गाळ्यावर वजनकाट्यापाशी बसायचा. घर गुलटेकडीलाच, यार्डाच्या हाकेच्या अंतरावर. त्यामुळं त्याच्या शर्टाला बाराही महिने कोथिंबिरीचा वास असायचा, बँडच्या लाल कोटालासुद्धा. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख होतं, पण दोघांनी ते कधी दिवाणखान्यात बसवून ठेवलं नाही. मग एका उन्हाळ्यात कादर गेला, आणि सकीनाचं घर अगदी नीट, स्वच्छ आणि मुकं झालं.

दिवस कसाही जायचा, पण सकाळ जाता जायची नाही. यार्डात ट्रक लागायचे, हमालांच्या हाका यायच्या, कोवळ्या उन्हात मेथीचा दरवळ खिडकीतून आत यायचा, आणि तिला वाटायचं की कुठंतरी दिवा लागलाय आणि आपल्या हातात दोरीच नाही. सगळ्यात जास्त एक गोष्ट टोचायची. गेल्यापासून कादर एकदाही स्वप्नात आला नव्हता. ज्यांना नको असतात त्यांच्या स्वप्नात सासवा येतात, उधारीवाले येतात. हिच्याकडं एक क्लॅरिनेटवाला यायला तयार नव्हता.

वरच्या मजल्यावर पद्मजा राहायची. खराडीच्या एका काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काम करायची. ती एकदा जिन्यात थांबली. "सकीनाताई, आमचा एक ग्रुप आहे व्हॉट्सॲपवर. 'साखरझोप'. सकाळी उठलं की रात्री पडलेलं स्वप्न लिहायचं. बस, इतकंच. इट्स सो पीसफुल, यू नो. टाकू तुम्हाला?"

सकीनानं हो म्हटलं. टाकल्याबरोबर फोन थरथरायला लागला. फुलं, जोडलेले हात, नाचणारा गणपती, चमचमणारं 'सुस्वागतम्', पुन्हा फुलं. तिनं भीतभीत लिहिलेलं "नमस्कार, मी सकीना. माझे यजमान मागच्या वर्षी गेले" हे वाक्य त्या फुलांच्या ढिगाखाली कुठं गेलं ते तिलाही परत सापडलं नाही. दारात आलेल्या माणसावर इतका गुलाल उधळायचा की त्याला डोळेच उघडता येऊ नयेत, अशातली ती गत. आणि गुलाल खाली बसतो न बसतो तोच ग्रुपचे चालक दिगंबर गोवंडे यांचा खलिता आला. सदाशिव पेठेतले निवृत्त गणिताचे शिक्षक. जन्मभर मुलांना सिद्धता मागितलेला माणूस.

"नवीन सदस्याने आठवडाभरात एक स्वप्न सांगावे. स्वप्नाचा अर्थ सांगू नये, तो कोणी विचारलेला नाही. 'शुभ सकाळ' लिहू नये, सकाळ आम्हालाही दिसते. आठवडाभरात स्वप्न न आल्यास सदस्य जागा आहे असे समजून काढण्यात येईल."

पण त्या ग्रुपवरच्या सकाळी काय सुंदर होत्या! पद्मजाच्या स्वप्नात ऑफिसात गुडघाभर पाणी भरायचं आणि खुर्च्यांखालून मासे शांतपणे कार्ड दाखवून आत जायचे. यार्डातला संपत हमाल टाइप करत नसे, बोलून पाठवायचा. "काल कांद्याचं पोतं उचललं अन् त्यात कांदं न्हाईत, नुसता उजेड. वजन काहीच न्हाई, पण खाली ठिवू वाटंना. असं हाय." सकीना डोळे मिटून ऐकायची. चेहरे नाहीत, नुसते आवाज, आणि प्रत्येकजण आपल्या झोपेतून काहीतरी घेऊन आलेला. तिला पुन्हा बोर्डावर बसल्यासारखं वाटायचं. इथून आपल्याला कुणी काढू नये, असं तिला पोटातून वाटलं. आणि आठवडा तर सरत आला होता. तिच्या झोपेत मात्र काही म्हणजे काही नव्हतं.

शेवटच्या सकाळी तिनं एक स्वप्न रचलं.

"मार्केट यार्ड सगळं रिकामं आहे. धुकं आहे. मध्यभागी कादर लाल कोट घालून क्लॅरिनेट वाजवतोय. आवाज येत नाही, त्यातून कोथिंबिरीचा वास येतोय. तो वाजवत जातो तसे एकेक गाळे हिरवे होत जातात. मग तो माझ्याकडं बघून हसतो आणि क्लॅरिनेट माझ्या हातात देतो."

ग्रुप गहिवरला. संपत म्हणाला, "ताई, मी वळखायचो कादरभाईंना. डोळ्यांत पानी आनलंत." दुसऱ्या दिवशी पद्मजानं विचारलं, "आज आले का कादरकाका?" आता नाही कसं म्हणणार? एकदा आलेला पाहुणा नेमानं येऊ लागला. कधी तो नदीवर पुलासारखा आडवा झोपलेला असायचा, कधी घोड्याला क्लॅरिनेट शिकवायचा. सकीना झोपण्यापूर्वी उद्याचं स्वप्न मनात घोळवायची आणि तेच करता करता तिला झोप लागायची. खोट्याची चव गोड असते आणि ती जिभेवर राहते. पण आपण मेलेल्या नवऱ्याला रोज सकाळी नाचवतोय, ही बोच काही जायची नाही.

एवढं होईपर्यंत ती ग्रुपची ऑपरेटर झाली होती. कुणी नेमलं नव्हतं. नवीन नाव दिसलं की सगळ्यांनी फुलं उधळायच्या आत ती त्या माणसाला सरळ फोन लावायची. "नमस्कार, साखरझोपेतून सकीना तांबोळी बोलतेय. आत आलात, बरं वाटलं. घाबरू नका, नोटीस दिसते तेवढी गोवंडेसर चावत नाहीत." मग त्यांचं ऐकायची. नंतर ग्रुपवर लिहायची की या अमुक, यांना विहिरींची स्वप्नं पडतात, यांचं पहिलं वाक्य वर राहिलंय ते आधी वाचा. लोक वाचायचे. नव्या माणसाला आपण कुणाच्या तरी कानावर पडलो असं वाटायचं. फुलं हळूहळू आपोआप कमी झाली.

अशात यज्ञेश्वर आले. सकीनानं रिवाजाप्रमाणं फोन लावला.

"मी एसटीत ड्रायव्हर होतो, ताई," पलीकडचा आवाज खडबडीत पण सावकाश होता. "सगळी नोकरी रातराणीवर काढली. आता कात्रजला असतो मुलाकडं."

"वा! मग सांगा, काय स्वप्नं पडतात तुम्हाला?"

"नाही पडत."

"म्हणजे आठवत नाहीत?"

"पडतच नाहीत. रात्रीची गाडी चालवणाऱ्याला स्वप्न पडून चालत नाही, ताई. एकदा सवय मोडली ती मोडली." मग ते म्हणाले, "पण मला ऐकायचीत. माझ्या पाठीमागं गाडीभर माणसं झोपायची. आरशात बघायचो. कुणी झोपेत हसायचं, कुणी दचकायचं, एखादं लेकरू हात पुढं करायचं. घाटात मी एकटा जागा. काय बघत असतील ही सगळी, असं रोज वाटायचं. उतरताना कुणाला विचारावं म्हणलं तर बरं दिसायचं नाही. आता इथं कळंल म्हणून आलो."

सकीनाच्या डोळ्यांपुढं ती गाडी आली, अंधारातून जाणारी, झोपेनं भरलेली, आणि पुढं एकच माणूस, सगळ्यांची स्वप्नं सांभाळून वळणं घेणारा. हा माणूस आपल्या ग्रुपवर नाही तर कुठं असायचा? पण नोटीस डोळ्यांपुढं होती. आठवडाभरात स्वप्न, नाहीतर बाहेर. म्हणून ती जे बोलू नये ते बोलून गेली.

"एखादं बनवून सांगा ना. कुणाला कळतंय?"

"नाही हो ताई," यज्ञेश्वर सहज म्हणाले. "तुम्ही सगळी जीव ओतून खरं सांगता. त्यात मी एकट्यानं खोटं कुठं घालू? तुमचे मालक येतात ना क्लॅरिनेट घेऊन, पद्मजाताईंनी आधीच पाठवलं होतं, सगळं वाचलं मी. दोनदा वाचलं."

त्या दिवशी सकीनाला जेवण गेलं नाही. दारावर अशी अट लावली की खोटं बोलणारा आत येतो आणि खरं बोलणारा पायरीवरच राहतो, हे तिच्या ध्यानात आलं. आणि आत बसलेल्यांत खोट्यांची मुकादम आपणच, हेही आलं.

तिनं गोवंडेसरांना निरोप पाठवला की यज्ञेश्वर रातराणीचे ड्रायव्हर होते, त्यांना स्वप्नं पडत नाहीत, पण माणूस सोन्यासारखा आहे, नियम जरा सैल करावा. उत्तर लगेच आलं. "नियम सर्वांना सारखा. सैल नियमाला सूचना म्हणतात." तिनं पुन्हा लिहिलं की ते नुसते ऐकतील. उत्तर आलं, "नाटक पाहायचे असल्यास नाट्यगृहात जावे. रविवारी सकाळी काढतो." विषय संपला. सर स्वतः कधी स्वप्न सांगत नसत, हे एव्हाना कुणाच्या लक्षातही येत नसे. चालकाला कोण विचारणार?

रविवारी उजाडता उजाडता सकीना उठली. यार्डाला सुट्टी नव्हती, गाड्या लागत होत्या, ऊन अजून कोथिंबिरीच्या जुड्यांवरच होतं. तिनं चहा ठेवला आणि तो उकळून अर्धा झाला तरी ती फोन हातात घेऊन उभीच होती. सांगितलं तर काय होईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. संपत कादरला ओळखायचा. तो म्हणेल, मेलेल्या माणसाच्या नावानं आमच्या डोळ्यांत पाणी आणलंत होय? पद्मजा जिन्यात भेटली तर मान वळवेल. या सकाळी जातील, हे आवाज जातील, आणि घर पुन्हा मुकं होईल. नाही सांगितलं तर काहीच होणार नाही. एक ड्रायव्हर तेवढा उतरून जाईल, तोही कुरकुर न करता. पण लाइनवरच्या माणसाला रिकामं सोडलं म्हणून वरून मथुराबाई काय म्हणतील, या विचारानं ती इतक्या वर्षांनीही शहारली. तिनं लिहिलं.

"आज स्वप्न नाही. मला स्वप्न पडतच नाही. कादर गेल्यापासून एकदाही आला नाही. आठवड्याची मुदत संपत होती, मला तुमच्यातून जायचं नव्हतं, म्हणून पहिलं स्वप्न मी रचलं. पुढची सगळीही रचलेली आहेत. काढायचं असेल तर मला काढा. यज्ञेश्वरांनी खरं सांगितलं, त्यांना राहू द्या."

निरोप गेला. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. मग कुणीच काही लिहिलं नाही.

रोज किलबिलणारा ग्रुप गप्प झाला. कुणाचे मासे आले नाहीत की कुणाच्या विहिरी आल्या नाहीत. वरून पद्मजाच्या चपलांचा आवाज जिन्यातून खाली गेला, दारापाशी थबकला आणि पुढं गेला. सकीनाला रडू आलं आणि ती रडली. कादरचा लाल कोट पेटीतून काढून तिनं मांडीवर घेतला. वाससुद्धा आता फिनाईलच्या गोळ्यांचा येत होता.

दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला. वामकुक्षीच्या त्या वेळेला सदाशिव पेठेतून कुणी कुणाला फोन केल्याची नोंद इतिहासात नसावी. नाव पाहून तिनं तो उचलला.

"तांबोळीबाई, गोवंडे बोलतोय. नियम बदललाय. आपण वाचलेला दिसत नाही."

तिनं फोन कानापासून काढून पाहिलं. ग्रुपवर खलिता होता. "पहिला नियम रद्द. ज्यांना स्वप्ने पडतात त्यांनी सांगावी. ज्यांना पडत नाहीत त्यांनी ऐकावी. सगळेच झोपले तर गाडी कोण चालवणार? यज्ञेश्वर यांचे स्वागत. फुले पाठवू नयेत." त्याखाली संपतचा आवाज होता. तिनं तो नंतर ऐकला. "ताई, खोटं असंल तर असूद्या. पर कादरभाई तसंच हसायचं. ते खोटं न्हाई."

"वाचलं, सर," सकीना कशीबशी म्हणाली. "आणि माझं काय?"

"आपलं काय? आपली स्वप्नं रचलेली आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"अहो, कसं?"

"खऱ्या स्वप्नाला शेवट नसतो. आपल्या प्रत्येक स्वप्नाला असतो. कादरभाई हसतात, वाद्य हातात देतात, पडदा. झोपेला इतकी शिस्त कुठली?"

"मग मला काढलं का नाही?"

पलीकडं कपबशीचा आवाज झाला.

"आमची मंदाकिनी," ते एकदम म्हणाले, आणि आवाजातला खडू कुठंतरी गळून पडला होता. "सकाळच्या चहाला समोर बसायची आणि रात्रीचं स्वप्न सांगायची. रोज. एकही दिवस खाडा नाही. कधी तिच्या माहेरच्या आंब्याखाली कुणी भेटलेलं, कधी पर्वतीवर गलबत लागलेलं. आता रोज इतकं कुणाला दिसतं का, तुम्हीच सांगा. निम्म्याच्या वर ती रचायची. मला कळायचं. मी पेपर वाचत 'हं' म्हणायचो. बत्तीस वर्षं 'हं' म्हणालो, बाई. एकदाही पेपर खाली ठेवला नाही. ती गेल्यावर चहा तेवढाच राहिला, समोर कुणी सांगायला नाही. म्हणून हा ग्रुप काढला. म्हटलं, कुणीतरी सांगेल. नियम घातला की लोक सांगतात, एवढंच मला येतं. मला स्वतःला स्वप्न कधी पडलेलं आठवत नाही. त्या ड्रायव्हरला काढायला निघालो होतो मी. खरं म्हणजे आधी मलाच काढायला हवं होतं."

सकीनाच्या मांडीवर लाल कोट होता. खिडकीबाहेर दुपार पेंगत होती, रिकाम्या गाड्यांच्या सावलीत हमाल आडवे झाले होते, आणि कोण जाणे काय काय त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढून चाललं होतं.

"कादरभाईंचं थांबवू नका," सर म्हणाले. "रचलेलं आहे असं वर लिहा हवं तर. मी पेपर बंद केलाय."

मग तेही गप्प झाले. फोन मात्र ठेवला नाही. सकीनानं आयुष्यभर शांतता ऐकल्या होत्या, रागाची, तुटलेल्या लाइनीची, बोलायचं सरून गेल्याची. ही त्यातली नव्हती. गुलटेकडी ते सदाशिव पेठ, जेमतेम चालायचं अंतर, पण दूरच्या कुठल्या गावचा कॉल लागल्यासारखं काहीतरी बारीक किणकिणत होतं. तिनं डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि इतक्या वर्षांत न वापरलेला तो आवाज तिच्या गळ्यातून आपोआप बाहेर आला.

"तीन मिनिटं झाली, सर. वाढवायचा का?"

सदाशिव पेठेतल्या म्हाताऱ्याला ते वाक्य लगेच ओळखू आलं. पलीकडं खुर्ची करकरली, त्यांनी घसा साफ केला.

"वाढवा," ते म्हणाले.